पुरुमेंताच्या यादीत गमबूट असू द्या, सर्पदंशाचं किट नको

मे महिन्यात गोव्यात म्हापशाच्या बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी सुरू झाली की सुकी मासळी, सोलं, मिरच्या यांच्या जोडीला ताडपत्र्या, छत्र्या आणि गमबूट दुकानांबाहेर लटकायला लागतात. आत काउंटरवर आणखी काही वस्तू मांडलेल्या असतात: साप पळवायची पावडर, जमिनीत खोचायचं आवाजाचं यंत्र, जाडजूड हातमोजे आणि प्लॅस्टिकच्या छोट्या डबीतलं सर्पदंशाचं किट. ऑनलाइन तर यांचा पूर आहे. कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत), काजूच्या भाटात किंवा घराच्या परसात काम करणाऱ्याने यातलं काय घ्यावं आणि कशावर पैसे घालवू नयेत, ते इथे एकेक करून पाहू. हा हिशेब लहान विषारी सापांपुरता आहे. नाग आणि मोठी घोणस निदान दिसतात तरी. हातभर लांबीचा साप पालापाचोळ्यात दिसतच नाही.

आधी हे साप कोणते ते सांगायला हवं, कारण वस्तू कामाची की बिनकामाची ते त्यांच्या सवयींवरूनच ठरतं.

फुरसं कातळाच्या सड्यावर, चिऱ्यांच्या ढिगात आणि गडग्याच्या फटीत राहतं. लांबी साधारण ३० ते ४० सेंटिमीटर. डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण, अंगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरट नागमोडी रेघ. डिवचलं की ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचर आवाज येतो. हा आवाज त्याच्या घशातून येत नाही. बाजूच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात, ते घासले जाऊन येतो. दुसरा साप हम्पनोज्ड पिट व्हायपर, म्हणजे नाकाचं टोक वर उचललेला तपकिरी चापडा. लांबी जवळपास तेवढीच, पण राहण्याची जागा वेगळी: सावली, ओल, कुजका पाला, पोफळीच्या बुंध्याशी साचलेला कचरा. रंग वाळलेल्या पानाचा, बाजूंना गडद त्रिकोणी ठिपके, डोक्याच्या मागच्या भागावर मोठे खवले. वेटोळं घालून बसला की शेपटीचं टोकच काय ते हलतं. तिसरा मलबारी चापडा. हा पावसाळ्यात ओहोळाकाठच्या झुडपांवर आणि दगडांवर बसतो. हिरवा, पिवळा, तपकिरी, शेवाळी अशा कितीही रंगांत दिसतो आणि माणसाच्या कमरेच्या, खांद्याच्या उंचीवर असू शकतो. याशिवाय घोणशीची पिल्लं, मण्यार आणि क्वचित पोवळा.

फुरशासारखा साप अंगाच्या निम्म्या लांबीपर्यंत झेप घेईल असं धरून चालावं. ४० सेंटिमीटरचा साप म्हणजे २० सेंटिमीटरची झेप. जमिनीवरचा लहान साप चावला तर बहुतेक घोट्याच्या आसपास चावतो, नाहीतर खाली वाकलेल्या हाताच्या बोटांना. वस्तू विकत घेताना झेपेची लांबी आणि दंशाची जागा या दोनच गोष्टी डोक्यात ठेवल्या तरी अर्धी चूक टळते.

आता गमबूट. या सगळ्या यादीत पैशाला खरी किंमत देणारी वस्तू हीच. साधा पीव्हीसीचा काळा किंवा हिरवा, पिवळ्या तळव्याचा, १२ ते १५ इंच उंचीचा बूट चारशे ते आठशे रुपयांत मिळतो. फुरसं आणि चापडा यांच्यासाठी १२ इंच पुरतात. पूर्ण वाढलेल्या घोणशीचा विचार केला तर गुडघ्याखालपर्यंत येणारा १५ इंचांचा बरा, कारण तिचे दात दीड सेंटिमीटरपर्यंत लांब असतात आणि झेपही मोठी. घोट्यापर्यंतचे आखूड रबरी बूट बागकामाला विकतात, ते या कामाचे नाहीत. ज्या जागी दंश होतो नेमकी तीच जागा ते उघडी ठेवतात.

बूट घेताना आयएस १२२५४ हा मानकाचा क्रमांक तळव्यावर किंवा वरच्या कडेला कोरलेला आहे का ते पाहा. हे औद्योगिक पीव्हीसी बुटांचं भारतीय मानक आहे. सापाच्या दाताची चाचणी त्यात येत नाही, पण प्लॅस्टिक बऱ्या दर्जाचं आहे एवढी खात्री मिळते. मग बूट हातात घेऊन पाऊल जिथे वाकतं तिथे जोरात वाकवा. वाकल्यावर पांढरट रेघा उमटल्या आणि सोडल्यावरही राहिल्या, तर भुकटी भरलेलं स्वस्त प्लॅस्टिक आहे. पहिल्याच पावसाळ्यात तिथून चिरणार. घोट्याच्या वरचा भाग बोटांच्या चिमटीत दाबून पाहा. पिशवीसारखा सहज दुमडला तर दातही तितक्याच सहज आत जाईल. तळव्याच्या खाचा खोल हव्यात. शेवाळलेल्या चिऱ्यावर गुळगुळीत तळवा घसरतो, आणि घसरलेला माणूस तोल सावरायला हात टेकतो तो नेमका पाल्यातच.

मापाबद्दल दुकानदार सहसा चुकीचं सांगतात. बूट पिंढरीला घट्ट बसला की त्यांना बरा वाटतो. सापाच्या बाबतीत उलटं आहे. बुटाची भिंत आणि पाय यांच्यात बोटभर पोकळी असली, तर लहान सापाचा काही मिलिमीटरचा दात भिंतीतून आत आला तरी कातडीपर्यंत पोचत नाही. म्हणून नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या आणि आत जाड सुती मोजा घाला. दोन नंबर मोठा मात्र नको, चिखलात पाय निघतो आणि बूट तिथेच राहतो. पँट बुटाच्या आत न खोचता बाहेरून सोडा. पावसाचं पाणी आत उतरत नाही आणि बुटावर सैल कापडाचा आणखी एक थर मिळतो. सैल कापडाचं महत्त्व कमी समजू नका. अमेरिकेत रॅटलस्नेकवर केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. डेनिमने झाकलेल्या नकली हातावर साप चावला तेव्हा उघड्या नकली हाताच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी विष आत गेलं होतं. बरंचसं विष कापडातच जिरलं.

गमबुटाची खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती खोटी नाही: पाय घामाने भिजतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि चार दिवसांनी माणूस पुन्हा चपलेवर येतो. यावर उपाय मोज्यांचे तीन जोड आणि रात्री बूट उलटे टांगून ठेवणं. अंगणात दोन खुंट्या रोवून त्यांवर बूट पालथे घालावेत. आत हवा खेळते आणि विंचू किंवा सापाचं पिल्लू आत शिरत नाही. तरीही सकाळी घालण्याआधी बाहेरून टाच धरून पालथा करा आणि दोनदा जमिनीवर आपटा. आत हात घालून पाहू नका. उन्हात वाळवायची सवय मोडा, उन्हाने पीव्हीसी ताठरतं आणि चिरतं. चिरलेला बूट ट्यूबच्या तुकड्याने चिकटवून वापरतात. पाणी अडवायला तो चालतो, दात अडवायला नाही.

पोलादी टोपीचा बूट या कामाला नको, उगाच जड. ‘स्नेक गेटर’ नावाचे, आत कडक प्लॅस्टिकचे पत्रे असलेले नडग्यांचे पट्टे ऑनलाइन दोन हजारांच्या पुढे मिळतात. कोरड्या जंगलात फिरणाऱ्याला ते ठीक आहेत. पण ते पाऊल झाकत नाहीत, पाटाच्या पाण्यात उतरलं की जड होतात, आणि गोव्याच्या जुलैत कोणी ते दिवसभर बांधून ठेवील असं वाटत नाही. तेवढ्या पैशांत चार माणसांना गमबूट येतात.

हातमोज्यांबद्दल मत तितकं चांगलं नाही. विणलेल्या सुती मोज्याच्या तळव्यावर रबराचा किंवा नायट्राइलचा थर दिलेले मोजे साठ-सत्तर रुपयांत सगळीकडे मिळतात. काट्यांसाठी ते चांगले. पण थर फक्त तळव्याला असतो, हाताची मागची बाजू नुसती विणीची, आणि वाकून बी उचलताना सापाच्या समोर येते ती मागचीच बाजू. वेल्डिंगचे कातडी मोजे, १४ इंचांचे, मनगटापलीकडे जाणारे, लहान सापाचा दात बऱ्याच वेळा अडवतील. तरी बोटांच्या बाजूच्या शिवणीत सुईची भोकं असतात, कातडं पावसात भिजून मऊ पडतं, वाळलं की लाकडासारखं होतं. मुख्य म्हणजे ते घालून काजूची बी किंवा सुपारी चिमटीत येत नाही. परिणाम असा की मोजे कमरेला लटकतात आणि हात उघडाच राहतो. वापरात न राहणाऱ्या वस्तूवर भरवसा ठेवणं सर्वांत वाईट. गडग्याचे ढासळलेले चिरे पुन्हा रचायचे असतील, लाकडाची मोळी हलवायची असेल, नारळाच्या सोडणांचा ढीग उपसायचा असेल, तर मात्र कातडी मोजे घालाच. तिथे चिमटीचं काम नसतं.

वेचण्याच्या कामाला खरं उत्तर काठी आहे. काजूच्या हंगामात बोंडू उचलायला टोकाला खिळा ठोकलेली काठी कित्येक भाटांत वापरतातच. वाकावं लागू नये म्हणून ती आली, पण हात पाल्यापासून दूर ठेवण्याचं कामही तीच करते. सुपारीसाठी कचरा उचलायचा लांब दांड्याचा चिमटा घ्या. मुठीत दाबायचा, ७५ ते ९० सेंटिमीटरचा, दीडशे-दोनशे रुपयांचा. जबड्याला रबर लावलेला घ्यावा, नुसत्या प्लॅस्टिकमधून ओली सुपारी निसटते. आधी दाताळ्याने पाला आपल्याकडे न ओढता आडवा सारायचा, थोडं थांबायचं, मग चिमटा. आपल्याकडे ओढला तर पाल्यात बसलेला चापडा थेट पायांशी येतो. चापडा जागचा हलत नाही हेच त्याचं वैशिष्ट्य. पावलांचा आवाज ऐकून निघून जाईल या आशेवर त्याच्या बाबतीत राहता येत नाही. हा चिमटा साप उचलायला नाही, हेही स्पष्ट सांगतो. साप घरात असेल तर वनखात्याला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा.

अळंबीच्या दिवसांत ही सावधगिरी सगळ्यात जास्त लागते. पहिल्या पावसानंतर वारुळांजवळची अळंबी काढायला लोक पहाटे अंधारात निघतात, बोटं मातीत खुपसून देठ मुळापासून काढतात. ओलसर पाला, अंधार आणि उघडी बोटं, तिन्ही एकत्र. देठाभोवतीचा पाला आधी काठीने मोकळा करायला अर्धं मिनिट लागतं.

टॉर्च घेताना एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हेडलॅम्पचा उजेड डोळ्यांच्या रेषेतून जातो, म्हणून समोरच्या वस्तूची सावली तिच्या मागे लपते आणि सगळी जमीन सपाट दिसते. वाळक्या पानांच्या रंगाचं वेटोळं अशा सपाट उजेडात पानांत मिसळून जातं. हातातली टॉर्च कमरेच्या खाली धरून उजेड जमिनीलगत तिरका टाकला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि वेटोळं उठून दिसतं. सापाचे डोळे मांजरासारखे चमकत नाहीत, त्यामुळे चमक शोधत बसू नका, आकार शोधा. चालताना हातातली टॉर्च, दोन्ही हात कामात असताना हेडलॅम्प. दोन्ही मिळून हजाराच्या आत येतात. दोनशे ल्यूमेन पुरेत. जास्त प्रखर घेतली तर पावसाच्या थेंबांवरून उजेड उलटा डोळ्यांत येतो. पाण्याचे शिंतोडे सोसणारी, निदान आयपीएक्स ४ लिहिलेली घ्या आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच घट्ट बसतं का ते दुकानातच बघा. पावसाळ्यात टॉर्च बिघडते ती तिथूनच.

साप पळवणाऱ्या वस्तूंवर फार शब्द खर्च करायला नको. जमिनीत खोचायची यंत्रं अल्ट्रासोनिक आवाजाच्या नावावर विकली जातात. सापाला बाहेरचा कान नसतो, त्याला जाणवतात ती जमिनीतली कंपनं आणि हवेतले खालच्या पट्टीतले आवाज. वीस हजार हर्ट्झच्या वरचा आवाज त्याच्या लेखी नसल्यातच जमा. गंधकाची पावडर, डांबरगोळ्या, लसणीचं पाणी यांनी साप अडत नाही. कार्बोलिक ॲसिड तर घेऊच नका. साप येतोच, वर मुलांची आणि कुत्र्या-मांजरांची कातडी भाजते. त्याच पैशांत घराच्या भिंतीपासून दोन मीटर पट्टा साफ ठेवायची मजुरी सुटते. चिरे, कौलं, लाकडं, सोडणं भिंतीला टेकून रचू नका, उंदीर कमी करा.

आता किट. डबी उघडली की सहसा हेच निघतं: एक पातं, रबराची नळी किंवा पट्टा, चोषक पंप किंवा रबरी पेला, पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे, थोडा कापूस. यातल्या कापसाशिवाय प्रत्येक वस्तू नुकसान करते, आणि लहान व्हायपरच्या दंशात जरा जास्तच करते. त्याचं कारण समजून घ्या. फुरसं, घोणस आणि चापडा यांचं विष रक्ताची गोठण्याची ताकद बिघडवतं. अशा माणसाला पात्याने चिरा दिला तर त्या चिऱ्यातून रक्त थांबत नाही. रबरी पट्टा आवळला तर विष त्याच जागी कोंडतं, सूज वाढते, खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि बोट किंवा पाऊल गमवायची वेळ येते. परमँगनेट जखम भाजतं. पंपाचं म्हणाल तर २००४ साली अमेरिकेत स्वयंसेवकांच्या पायात खूण घातलेलं नकली विष टोचून पंपाची चाचणी झाली. पंपाने ओढलेल्या द्रवात त्या नकली विषाचा ०.०४ टक्के भाग निघाला. म्हणजे दहा हजारातले चार. पंप लावल्यावर लाल पाणी निघतं आणि बघणाऱ्याला विष निघाल्याचं समाधान होतं. त्या समाधानात गेलेली पंधरा-वीस मिनिटं हीच या किटची खरी किंमत, डबीवर छापलेली दोन-तीनशे नव्हे.

पैसे खर्च करायचेच असतील तर डबी स्वतः भरा. दीड वीत लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या किंवा जाड पुठ्ठा, दोन रुंद सुती फडके, ठळक मार्कर पेन, साबणाची वडी आणि एक कार्ड. दंश झालेला हात किंवा पाय पट्ट्यांमध्ये ठेवून फडक्याने सैल बांधायचा, मोडलेलं हाड बांधतात तसा, हालचाल बंद करण्यापुरता. फडक्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण, जोडवी लगेच काढा. सूज चढल्यावर ती निघत नाहीत, साबण त्यासाठीच. मार्करने सुजेच्या कडेवर रेघ ओढून शेजारी वेळ लिहा, दर वीस मिनिटांनी नवी रेघ. डॉक्टरला या रेघा एका नजरेत सगळं सांगतात. कार्डावर कामगाराचं नाव, वय, चालू औषधं, कसली ॲलर्जी आहे ते, आणि १०८. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन देऊ नका, ती रक्तस्राव वाढवतात आणि मूत्रपिंडांवर भार टाकतात. फेणी चोळायचीही नाही आणि पाजायचीही नाही. माणसाला चालवत रस्त्यापर्यंत आणू नका, उचलून आणा. साप मारायला किंवा धरायला थांबू नका. दोन मीटरवरून फोनवर फोटो मिळाला तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

किटच्या चौकशीसोबत हल्ली आणखी एक प्रश्न येतो: प्रतिसर्पविष आणून कुळागरात ठेवता येईल का? ठेवू नका. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि टोचल्यावर काही मिनिटांत तीव्र प्रतिक्रिया येऊन रक्तदाब कोसळू शकतो. ते सलाइनमधून, देखरेखीखाली, ॲड्रेनलिन तयार ठेवून देतात. सुरुवातीलाच साधारण ८ ते १० व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) लागतात, प्रत्येक १० मिलिलिटरची. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढीच मात्रा लागते, कारण सापाने मुलाला विष कमी टोचलेलं नसतं.

शिवाय भारतात मिळणारं प्रतिसर्पविष चार सापांच्या विषावर बनवलेलं असतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चापड्यांपैकी एकही त्यात नाही. तपकिरी चापड्याचा दंश कित्येक वर्षं किरकोळ समजला जात होता. २००७ साली केरळमधल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि हा साप भारतातही रक्त न गोठण्यापर्यंत आणि मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत नेतो हे खात्रीने समोर आलं. तो वरवर पाहता फुरशासारखा दिसतो. गोंधळ झाला की ज्या औषधाचा उपयोग नाही तेच पुन्हा पुन्हा दिलं जातं, आणि रुग्णाला त्या औषधाच्या प्रतिक्रियेचा धोका मात्र पूर्ण राहतो. म्हणूनच नाक वर उचललेलं होतं का, अंगावर त्रिकोणी ठिपके होते की नागमोडी रेघ, साप सड्यावर होता की पोफळीच्या ओल्या पाल्यात, ही माहिती डॉक्टरला द्या. पण त्यासाठी सापामागे जाऊ नका. चापड्याचं निदान झालं तर उपचार म्हणजे रक्ताच्या चाचण्या, लघवीचं प्रमाण, मूत्रपिंडांवर लक्ष, आणि गरज लागल्यास रक्तघटक किंवा डायलिसिस. ते मोठ्या रुग्णालयातच होतं.

रुग्णासोबत जाणाऱ्याला एक चाचणी माहीत असावी. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. शिरेतलं २ मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात, २० मिनिटं न हलवता उभं ठेवतात आणि मग एकदाच तिरकं करून पाहतात. गोठून बसलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विषाने काम केलं आहे. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकमध्ये निकाल चुकतो. साबणाने धुतलेल्या नळीतही चुकतो. मधेच कोणी नळी उचलून हलवली तरी चुकतो. पहिला निकाल चांगला आला म्हणून घरी जायचा आग्रह धरू नका, चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. निदान २४ तास देखरेखीखाली राहा. चापड्याच्या दंशात मूत्रपिंडांचा त्रास उशिराही दिसतो. घरी आल्यावर लघवी कमी झाली, लाल झाली किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच परत जा.

कुठे जायचं? १०८ ला फोन करून दंश झाल्याचं आणि ठिकाण सांगा, प्रतिसर्पविष जवळ कुठे आहे ते विचारा. सत्तरीतून बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या रस्त्यावर आहे. फुरशाचा किंवा घोणशीचा दंश असेल तर पहिली मात्रा जवळच्या सरकारी केंद्रात मिळणं आणि मग पुढे नेणं हे थेट लांब नेण्यापेक्षा बरं. काणकोण, सांगे, धारबांदोड्यातल्या बागायतदारांनी पावसाळा सुरू होण्याआधीच आपल्या केंद्रात जाऊन साठा आहे का ते विचारून ठेवावं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, त्यामुळे हा प्रश्न विचारताना संकोच वाटायचं कारण नाही.

कुळागरात झोपडीत राहणारे कामगार असतील तर आणखी एक वस्तू घ्या: मच्छरदाणी. तीनशे-चारशे रुपयांची, कडा गादीखाली खोचण्याएवढी मोठी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दंश इतका हलका असतो की माणसाला जागही येत नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटतात. खोचलेली मच्छरदाणी हा दंश अडवते. नुसती लोंबती ठेवली तर उपयोग नाही.

पैशांचं म्हणाल तर एका माणसामागे गमबूट, तीन जोड पायमोजे, चिमटा, टॉर्च आणि घरी भरलेली डबी मिळून दीड-दोन हजारांत बसतात. बूट दोन पावसाळे टिकतात, टॉर्च जास्त. एकच अडचण उरते. काजू आणि सुपारी वेचायचं काम बहुतेक बायका करतात, आणि दुकानांत सहज मिळतात ते ७ ते १० नंबरचे पुरुषांचे बूट. ४ नंबरच्या पायात ७ नंबरचा बूट दहा पावलंही चालत नाही, मग त्या पुन्हा स्लिपरवर येतात. वेचणाऱ्या बायकांच्या पायांची मापं कागदावर काढून घ्या आणि ३, ४, ५ नंबरची मागणी दुकानदाराकडे एप्रिलमध्येच नोंदवा. हे बूट मागवूनच आणावे लागतात.